सोलापुरात आडनाव विचारत नाहीत म्हणे

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा जवळ आली की आमच्या दहावीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: सोलापूर चार भाषांचं गाव. इथे चार समाजांचे हुतात्मे एकत्र फासावर गेले. इथे आडनाव कोणी विचारत नाही. तेलंगणातून रिकाम्या हातांनी आलेले पद्मशाली एकही सवलत न घेता कारखानदार झाले. ज्याने कष्ट केले तो वर गेला, बाकीचे सवलतींची वाट बघत बसले. असमानता वगैरे सगळा राजकारण्यांचा बाजार. खाली सहा-सात अंगठे.

मी स्वतः शहराच्या पूर्व भागातला, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाळीवेशीत गेलो की मोडकंतोडकं कन्नड. तेव्हा या मेसेजात माझंच कौतुक चाललंय. तरी उत्तर द्यावंसं वाटलं.

चार भाषांचं म्हणाल, तर खरंच आहे. एका रिक्षात चार भाषांतून भाडं ठरतं. पण पेठा आठवून बघा. तेलुगू पूर्व भागात, लिंगायत बाळीवेशीकडे, मुसलमान बेगम पेठेत नाहीतर नई जिंदगीत, बौद्ध बुधवार पेठेत. नकाशा काढायला बसलात तर आडनावांवरून काढता येईल. शेजारी राहणं वेगळं आणि बरोबरीने राहणं वेगळं, एवढं तरी कबूल करायला हरकत नाही.

आता हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931, येरवडा तुरुंग. या नावांपुढे माझी मान झुकते, त्यावर वाद नाही. पण ते फासावर गेले त्या काळात याच सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणाआड हजारो माणसं राहत होती. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी. गुन्हा काय, तर त्या जातीत जन्म. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो जन्मासोबतच ठरवून टाकला होता. पोरगं पाळण्यात असतानाच संशयित. रोजची हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी. त्या वसाहतीला आपण आजही ‘सेटलमेंट’च म्हणतो. शब्द इतका गुळगुळीत झालाय की रिक्षावाल्याला सांगताना त्याचा अर्थ कुणाच्या मनात येत नाही.

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला. हा कायदा देशभरातून रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. या जमातींसाठीचा ‘विमुक्त’ हा शब्द तिथून आला. आणि कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेली नाही. चोरी झाली की पहिली चौकशी कुठे होते, हे सेटलमेंटमध्ये कुणालाही विचारा.

‘रिकाम्या हातांनी आलेले पद्मशाली’ हे वाचून तर मला हसू आलं. आमचे आजे-पणजे दुष्काळाला कंटाळून पायी आले, गाठीला काही नव्हतं, हे खरं. पण हात रिकामे नव्हते बे! पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेले हात होते ते. आणि इथे 1877 ला जुनी मिल सुरू झाली होती, पुढे आणखी गिरण्या आल्या. विणकर हवेच होते. कैकाड्याच्या हातातही कसब होतं. टोपल्या, कणग्या विणण्याचं. आमच्या कसबाला माग मिळाला, त्यांच्या कसबाला हजेरीचं रजिस्टर. सेटलमेंटमधली माणसंही गिरणीत कामाला जात, पण संध्याकाळी तारेच्या आत परत यायला हवं. या दोघांची शर्यत लावून ‘बघा, एक पुढे गेला’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

गिरणीचं दारही सगळ्यांना सारखं उघडत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि त्या धोट्याला सवर्णांचं तोंड लागायचं. विणकामात मजुरी जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता.

‘एकही सवलत न घेता’ हे तर सरळ खोटं आहे. महाराष्ट्रात पद्मशाली विशेष मागास प्रवर्गात मोडतात, 2 टक्के आरक्षण. कोष्टी, साळीही त्यातच. माझ्या धाकट्या भावाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश त्याच दाखल्यावर झाला. मेसेज पाठवणाऱ्या वर्गमित्राच्या मुलीचाही. आणि कारखानदार किती? आमच्या गल्लीत एकाचे यंत्रमाग, त्यावर पंधरा घरांतले पुरुष नगावर मजुरी घेणारे. चादरीवर नाव सोलापूरचं, पैसा मागमालकाचा.

राहिलं कष्टाचं. माझी अम्मा विड्या वळायची. आदल्या रात्री पान भिजवून ठेवायचं, सकाळी कात्रीने कापायचं, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. तंबाखू भरायची, वळायचं, सुताने बांधायचं, तोंड दुमडायचं. एक झाली. अशा हजार. मधे स्वयंपाक, पाणी, आमचे अभ्यास. मग त्या घेऊन कारखान्यावर रांग. तिथे छाट काढायचे, म्हणजे न पटलेल्या विड्या बाजूला टाकायचे. पान कमी पडलं की भर घरची. अंगावर तंबाखूचा वास कायमचा. शाळेत मी तिला पालकसभेला येऊ नको म्हणायचो, ती लाज आता वाटते. पूर्व भागातल्या हजारो बायकांनी असा जन्म काढला. कष्टाने माणूस वर जात असता तर या बायकांचे बंगले असते. त्यांना घर मिळालं ते 2006 साली, कुंभारीत, दहा हजार घरांच्या वसाहतीत, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या. तेही विडी कामगारांच्या युनियनने वर्षानुवर्षं मोर्चे काढले तेव्हा.

‘सवलतींची वाट बघत बसले’ म्हणता, तर कैकाड्यांचंच ऐका. विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत. सोलापुरात तोच कैकाडी विमुक्त जातीत. तोच समाज, तोच धंदा, मामा-भाच्याचं नातं, पण जिल्हा बदलला की दाखला बदलतो. परिणाम बघा: सोलापूर लोकसभा 2009 पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, तिथे सोलापूरचा कैकाडी त्या राखीव जागेवर उभा राहू शकत नाही. त्याच्यावर जातीवरून अत्याचार झाला तर 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नाही. ज्यांना तारेच्या आत ठेवलं, त्यांच्याच वाट्याला हे.

शेवटी आडनाव. मागच्या वर्षी एका मित्रासाठी जुळे सोलापूर भागात भाड्याचं घर बघत होतो. मित्र सरकारी नोकरीत, पगार माझ्यापेक्षा जास्त, जन्म सेटलमेंटचा. एजंटने दोघांची नावं विचारली. मी पूर्ण सांगितलं. मित्राने फक्त पहिलं नाव सांगितलं. एजंट म्हणाला, “पूर्ण सांगा की.” त्याने सांगितलं. मग, “मूळचे कुठले?” मित्र म्हणाला, “सोलापूरचाच.” “सोलापुरात कुठं?”

दोन दिवसांनी मला एकट्याला फोन आला. मालकाने दुसरं गिऱ्हाईक बघितलंय म्हणे. मग आवाज जरा खाली आणून, “तुम्हाला पाहिजे असेल तर बोला सर, तुमचं चालतंय.”

हे मी ग्रुपवर टाकलं. माझा तो मित्रही त्याच ग्रुपवर आहे, आमच्याच बॅचचा. त्याने काही लिहिलं नाही. त्या पहिल्या मेसेजखाली अंगठे मात्र आणखी दोन वाढले होते.