पोकलेनचा सेन्सर गेलाय? घाबरू नका, नवीन घाला. मग अजून एक घाला.

सेकंडहँड पोकलेन घेतलीत म्हणे. अभिनंदन! आता इंजिनचा पिवळा दिवा लागेल. तो लागला की काय करायचं याचं शिक्षण मी ह्या मे महिन्यात रोख पैसे मोजून घेतलंय, तुम्हाला फुकट देतो.

पहिलं म्हणजे मशीन घेताना रंग बघा. फक्त रंग. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा दिवा एकदा लागून विझतो का, असल्या बारीकसारीक गोष्टीत पडू नका. लागलाच नाही तर उलट शुभशकुन समजा, कुणीतरी प्रेमाने बल्ब काढून ठेवलेला असतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडलं तेव्हा मशीन कुठे उभी होती हे विचारून विकणाऱ्याचा मूड घालवू नका. इसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, सॉकेटातल्या पिना हिरव्यागार दिसल्या तरी शंका नको, कोकण आहे, हिरवं असणारच.

टेम्परेचर सेन्सरच्या जागी आधीच्या मालकाने दोन रुपयांचा रेझिस्टर जोडलेला सापडला तर त्याचे आभार माना. खरा सेन्सर कटकट्या असतो, पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि काटा वर चढतो. रेझिस्टरला असली नाटकं नाहीत. रेडिएटर आटला, काटा मध्यावर. हेड गॅस्केट उडालं, काटा मध्यावर.

स्कॅनरवर इंजिनचं तापमान उणे ४० दिसलं तर ऑपरेटरला स्वेटर घेऊन द्या.

बकेटला वेल्डिंग मारताना बॅटरी काढू नका, पाना शोधण्यात उगाच पाच मिनिटं जातात.

मशीन धुताना प्रेशर पंपाचा फवारा थेट कनेक्टरांवर मारा आणि पावसाळ्यात चार महिने ती गोठ्याशेजारी उभी करा, उंदरांनाही वायरिंग लागतं.

आता मुख्य सल्ला. दिवा लागला की मेकॅनिकला बोलवा. जवळचा नको, घाटावरचा बोलवा, त्याच्याकडे लॅपटॉप असतो. आमची मशीन राजापूरच्या सड्यावर दगड फोडायचा ब्रेकर लावून कलमांचे खड्डे मारत होती, मृग तोंडावर, बागवाला मुंबईहून रोज संध्याकाळी फोन करून 'किती झाले' विचारतोय, आणि मशीन अचानक १२०० आरपीएमच्या वर चढेना. ऑपरेटर म्हणाला, "शेठ, दमली बहुतेक." मग साहेब आंबा घाट उतरून आले, आधी सुरमई थाळी झाली, मग लॅपटॉप उघडला. चार कोड, म्हणजे बिघाडाचे नंबर. ऑइल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचं) प्रेशर, रेल (डिझेलचं) प्रेशर, आणि चौथा 'सेन्सर सप्लाय व्होल्टेज लो', ज्याचा नंबर ३५०९. साहेब म्हणाले, तीन सेन्सर गेलेत. मी म्हटलं, आणि तो चौथा? तर म्हणे, "तो येतोच, त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

तर तुम्हीही लक्ष देऊ नका. साडेअकरा हजारांचा रेल प्रेशर सेन्सर आणा. तो लावा, कोड पुसा, स्टार्टर मारा, कोड परत. मग ६२०० चा बूस्ट. परत तेच. मग साहेब घाटावर जातील, दोन दिवसांनी पुन्हा येतील, पुन्हा सुरमई, मग ५४०० चा ऑइल प्रेशर. कोड चारच्या चार जागेवर! मग साहेब डोकं खाजवून म्हणतील की इसीएमच गेलाय शेठ, जुना बघायला लागेल, दीड लाखापर्यंत जाईल. अरे पण तीन सेन्सर एकाच दिवशी, एकाच मिनिटाला मरतात कसे? ठरवून जीव देतात काय? वाडीतल्या तीन घरांची लाईट एकदम गेली तर तीन बल्ब विकत आणतोस का डीपीकडे बघतोस? तिघांनाही इसीएममधून एकच ५ व्होल्टची वायर जाते, ती कुठे बॉडीला टेकली की तिघेही एकदम आंधळे, आणि हेच तो चौथा कोड बोंबलून सांगत होता, मराठीत सांगायचा बाकी होता फक्त!

शेवटी लांज्याहून एक पोरगा आणला, रिक्षा-टेम्पोची वायरिंग करतो. लॅपटॉप नाही, खिशात पाचशेचा मीटर. किल्ली ऑन केली, सेन्सरच्या सॉकेटात पिना लावल्या. जिथे ५ व्होल्ट पाहिजेत तिथे अर्धासुद्धा नाही. एकेक सेन्सर काढत गेला, की एखादा आतून शॉर्ट असेल तर तो काढल्यावर व्होल्टेज परत येईल. तिन्ही काढले, आलं नाही. म्हणजे सेन्सर निर्दोष. मग बॅटरी काढली, इसीएमचा सॉकेट काढला, ती वायर आणि बॉडी यांच्यात मीटर लावला. मीटर पीं करून ओरडला. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत गेला तर ब्रेकरच्या हादऱ्यांनी एका ब्रॅकेटवर घासून वायरचं तांबं उघडं पडलेलं. सोल्डर, स्लीव्ह, क्लिप. पाऊण तास. पैसे किती विचारलं तर लाजत म्हणाला, "सातशे द्या."

सेन्सरचे २३,१०० गेले, दोन फेऱ्यांचे बारा हजार ठरलेले, नऊ दिवस मशीन उभी. सुरमई धरलेली नाही.

आता उपरोध पुरे. मेकॅनिकांनो, कोड म्हणजे सेन्सर मेल्याचा दाखला नाही रे. त्या सर्किटात व्होल्टेज कमी किंवा जास्त दिसलं एवढंच तो सांगतो. वायर तुटली असेल, पिनांना गंज आला असेल, अर्थिंगची वायर सुटली असेल, आणि आपल्या खाऱ्या हवेत बहुतेक वेळा तेच असतं. ते उणे ४० सुद्धा तुटलेली वायरच असते बऱ्याचदा. लाखाचा लॅपटॉप घेता आणि पाचशेचा मीटर घेताना हात आखडतो? आणि मालकलोक, तुम्ही काय कमी आहात का! 'काय ते बदल आणि चालू कर' असं फोनवर कोण ओरडतं? मीच ओरडलो होतो. जुन्या मशीनचं वायरिंग डायग्राम मागून घ्यायची अक्कल मला नव्हती, तुम्हालाही नसणार.

काढलेले तीन सेन्सर गाडीच्या खणात आहेत, तिन्ही ठणठणीत. नवीन परत घ्या म्हटलं तर दुकानदार म्हणतो इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही. आणि साहेबांचा परवा फोन, दुसऱ्या फेरीचे दोन हजार राहिलेत म्हणून. आधी मीटर घे बाबा, मग फोन कर.