घरकामगार बायकांच्या तक्रारीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

नागपुरात धरमपेठ, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा इकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: "लैंगिक छळाचा कायदा फक्त ऑफिससाठी आहे. घर म्हणजे कामाची जागा नाही, म्हणून घरकाम करणाऱ्या बाईला तक्रार करता येत नाही."

हे खरं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातलं कलम 2 उघडून बघा. घरकामगाराची व्याख्या त्यात स्वतंत्र दिली आहे आणि कामाच्या जागेच्या यादीत राहतं घरही आहे. 2010 च्या मूळ विधेयकात घरकामगार वगळल्या होत्या. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर त्या आत आल्या. गोंधळ तिथूनच सुरू झाला असावा, असं मला वाटतं.

ऑफिसात अशा तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती असते, पण घरी ती कुठली? म्हणून तक्रार जाते जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तिची अध्यक्ष महिलाच असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं बंधनकारक आहे, आणि ही गोष्ट ताईंना कोणी सांगतच नाही. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर घरकामगाराची तक्रार समिती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवते.

नागपुरात चौकशी सिव्हिल लाईन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा.

तो मेसेज वाचून एखादी बाई गप्प बसली, तर मुदत निघून जाईल. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.