नवनियुक्त संगणक-प्रभारींस सस्नेह

मंडळाच्या कार्यकारिणीने वाचनालयातील एकुलत्या एका संगणकाचे प्रभारी म्हणून आपली एकमताने निवड केली, याबद्दल प्रथम हार्दिक अभिनंदन. त्या सभेला आपण गैरहजर होतात, हेच एकमताचे खरे कारण असले तरी पदाचा मान त्याने यत्किंचितही कमी होत नाही. इंदूरला रामबागेच्या अंगाला असलेल्या आमच्या मंडळात हे पद मी सलग सहा वर्षे भूषवले असून, कोणी कोणता प्रोग्राम उघडावा आणि कोणी कोणत्या प्रोग्रामकडे नुसते बघावे हे ठरवण्याचा जो अनुभव माझ्या गाठीस आहे, तो आपल्या ओटीत घातल्याखेरीज मला निवृत्तीचे सुख लाभणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, या संगणकावर कोण काय करते याची चौकशी चुकूनही करू नये. आमच्याकडे खजिनदारकाका सकाळी वर्गणीचा हिशेब एक्सेलमध्ये मांडत, ग्रंथपालताई नव्या पुस्तकांची यादी टंकित करीत, एक निवृत्त मास्तर दुपारी आपल्या आठवणी लिहीत आणि संध्याकाळी मुले येत. की-बोर्डाकडे नुसते निरखून पाहिले तरी दिवसाचा सारा क्रम कळत असे, कारण सकाळच्या पोह्यांवरचा जिरावण मसाला अंकांच्या बटणांमध्ये बसलेला असे आणि मुलांच्या बोटांनी बाणांची चारही बटणे घासून गुळगुळीत झालेली असत. मात्र अशा निरीक्षणाच्या नादी लागल्यास कोणाला कशाची गरज आहे हे समजण्याचा धोका संभवतो, आणि गरज समजली की बंदी घालण्यातली निम्मी गंमत संपते.

दुसरी गोष्ट खात्यांची. सर्वांसाठी एकच खाते ठेवावे, ते सर्वाधिकार असलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असावे आणि त्याचा पासवर्ड की-बोर्डाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेला असावा. काही अरसिक मंडळी आपल्याला सांगतील की प्रत्येकासाठी वेगळे, साध्या अधिकारांचे खाते उघडावे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते फक्त प्रभारींकडे ठेवावे आणि मग इतरांना नको तो प्रोग्राम सगळ्यांच्या माथी मारता येत नाही की कोणाची फाइल पुसता येत नाही. ते खरे आहे, आणि तेवढ्यापुरताच त्यात दोष आहे. आपल्या इंदूरच्या सराफा बाजारातच पाहा. दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद आणि भुट्ट्याचा कीस मांडला जातो. जागा तीच, पण सराफाच्या तिजोरीची किल्ली गराडूवाल्याकडे नसते, म्हणून तिथे कधी प्रभारी नेमावा लागत नाही. ज्या व्यवस्थेत आपले पदच उरत नाही ती व्यवस्था आपण कशासाठी आणावी? ज्याला जेवढे काम तेवढाच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ साली संगणकीय सुरक्षिततेवरील आपल्या निबंधात मांडून ठेवले आहे. पन्नास वर्षे ज्याने वाट पाहिली, ते तत्त्व आणखी काही वर्षे आपल्या मंडळासाठी खुशाल थांबेल.

इतिहासाचा दाखला हवाच असेल तर तो सोयीचा घ्यावा. एकच संगणक अनेकांनी वापरावा म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस नावाची प्रणाली उभी राहिली, तिचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ साली झाले आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्डही मिळाला. आठवड्याला ठरावीक चारच तास वाट्याला येतात म्हणून वैतागलेल्या अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने १९६२ मध्ये एक पंच केलेले कार्ड टाकून पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली. म्हणजे सामायिक संगणकावरील निर्बंध आणि त्यांना लागलेली पळवाट यांच्या वयात जेमतेम वर्षभराचे अंतर आहे. यावरून निर्बंध निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढू नये. यावरून एवढाच निष्कर्ष काढावा की छपाईयंत्राची शाई प्रभारींच्या कपाटात कुलूपबंद असावी. मी तशीच ठेवत असे.

आता प्रत्यक्ष बंदीकडे वळू. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नावाचे एक दालन आहे, ते घरगुती आवृत्तीत मिळत नाही, आणि केवळ ते उघडता येते एवढ्यावर मंडळात आपला दबदबा सहा महिने टिकतो. त्यात अमुक प्रोग्राम चालवू देऊ नये अशी एक सूचना असून तिच्याखाली नावांची यादी भरता येते. ही यादी लांबवत न्यावी. मी पत्त्यांच्या एका खेळापासून सुरुवात केली आणि दोन वर्षांत छप्पन नावांपर्यंत मजल मारली, तेव्हा सभासद तिला कौतुकाने ‘छप्पन दुकान’ म्हणू लागले. फरक इतकाच की इंदूरच्या खाऊगल्लीतल्या त्या छप्पन दुकानांत काहीतरी मिळते. पत्त्यांच्या खेळाबद्दल मला विशेष राग होता असे नाही, परंतु १९९० साली विंडोज ३.० सोबत आलेल्या सॉलिटेअरने जगभरच्या कचेऱ्यांचे किती तास खाल्ले असतील या विचाराने कोणाही प्रभारीचे रक्त उसळावे. २००६ साली न्यूयॉर्कच्या महापौरांनी, म्हणजे ब्लूमबर्ग यांनी, एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हा डाव मांडलेला पाहून त्याला नोकरीवरूनच काढले होते. आपल्याकडे सभासद वर्गणी देतात, त्यामुळे तेवढे करता येत नाही, म्हणून यादी.

या यादीचे सर्वांत लोभसवाणे वैशिष्ट्य हे की ती फाइलीचे फक्त नाव पाहते. फाइलीच्या पोटात काय आहे याच्याशी तिला काहीही कर्तव्य नाही. एका संध्याकाळी मास्तरांचा अकरा वर्षांचा नातू पेन ड्राइव्ह लावून बसला होता आणि पडद्यावर मोटारी धावत होत्या. मी पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि कडक आवाजात विचारले, “हे कसे चालू झाले?” त्याने मान न वळवता उत्तर दिले, “काका, तुमच्या यादीत गाडीचं नाव होतं. मी तिचं नाव ‘हिशेब’ ठेवलं.” मी त्याच दिवशी ‘हिशेब’ हे नाव यादीत घातले आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिचे नाव ‘वर्गणी’ ठेवले. ही स्पर्धा त्याच्या वार्षिक परीक्षेपर्यंत चालली. मुलाचा मराठी शब्दसंग्रह वाढला ही गोष्ट मी मंडळाच्या अहवालात ‘भाषासंवर्धन’ या सदराखाली नमूद केली, ती आपणही करावी.

यादीने समाधान होत नसेल तर तिची थोरली बहीण हाताशी आहे. तिच्यात उलटा न्याय आहे: जी नावे लिहिली तेवढीच चालतील, बाकी सारे बंद. प्रभारीपदाची खरी झिंग हीच. मी मोठ्या मनाने वर्ड आणि एक्सेल अशी दोन नावे लिहिली, खिडकी बंद केली आणि एक्सप्लोरर, म्हणजे पडद्यावरची चिन्हे आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, नव्याने सुरू होताच शांतता पसरली. मराठी टंकनाचा जो छोटा प्रोग्राम ग्रंथपालताई वापरीत, त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्या वर्षीच्या गणेशोत्सवाची सूचना त्यांना स्केच पेनने कागदावर लिहावी लागली. पीडीएफ उघडणारा प्रोग्राम यादीत नव्हता, म्हणून वर्गणीदार कंपन्यांकडून आलेली पत्रे खजिनदारकाकांनी आपल्या मुलाच्या फोनवर वाचली. आणि ग्रुप पॉलिसी एडिटर ज्याच्या आधाराने उघडतो त्याचे नावही यादीत नव्हते, हे मला यादी दुरुस्त करायला गेल्यावर कळले. पडद्यावर सभ्य भाषेत निरोप आला की या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे, कृपया आपल्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधावा. मी खुर्चीत थोडा सावरून बसलो. ग्रंथपालताईंनी विचारले, “मग, झाला का संपर्क?”

या पेचातून सुटण्याची वाट आपल्याला सांगतो, मात्र ती सभासदांस सांगू नये. हा पहारा फक्त एक्सप्लोररच्या दारावर असतो. माउसने चिन्हावर टिचकी मारून जे उघडायचे ते अडवले जाते, पण काळ्या खिडकीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नाव टंकून बोलावलेला प्रोग्राम बिनबोभाट चालू होतो. संगणक कमांड प्रॉम्प्टसह सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या किमान अवस्थेत, सुरू केला की आपण आत. पुढच्या दाराला सात कुलुपे आणि मागच्या बोळातले दार सताड उघडे, ही वाड्याची रचना आपणांपैकी जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना नवी वाटू नये. नातवाला ही वाट माझ्या आधीच माहीत होती, आणि त्या दुपारी त्यानेच मला ती दाखवली. त्या बदल्यात ‘वर्गणी’ला मी एक आठवडा हात लावला नाही.

यापेक्षा भक्कम साधने आहेत, पण ती अजिबात अंगीकारू नयेत. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी आली आणि २००९ मध्ये विंडोज ७ सोबत अ‍ॅपलॉकर आला. त्यात नावाऐवजी फाइलीचा ठसा (तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा), तिच्या निर्मात्याची सही किंवा ती ज्या फोल्डरात आहे तो मार्ग पाहून परवानगी देता येते. ठशाची अडचण अशी की प्रोग्राम अद्ययावत झाला की ठसा बदलतो आणि प्रभारींना पुन्हा बोलावणे येते. पदाच्या दृष्टीने हा गुणच मानावा. मार्गाची पद्धत मात्र धोकादायक रीतीने सोपी आहे: प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज या दोन फोल्डरांतले सारे चालू द्यावे आणि बाकी कुठलेच नाही, आणि साध्या खात्याला त्या फोल्डरांत सहसा काही लिहिताच येत नसल्याने पेन ड्राइव्हवरची गाडी, तिचे नाव काहीही असो, जागची हलत नाही. विंडोजच्या पोटात तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरासारखी एखादी जागा साध्या खात्यालाही लिहिता येते, तेवढी वेगळी बुजवावी लागते. मग ब्राउझरमध्येच चालणारे खेळ तेवढे उरतात, आणि ब्राउझर बंद करायचा म्हटल्यास खजिनदारकाकांच्या बँकेचे काय, हा प्रश्न मी कार्यकारिणीच्या चार सभांत तहकूब ठेवला आहे.

तरीही आपल्याला अ‍ॅपलॉकर वापरून पाहण्याचा मोह झालाच, तर त्यातली निव्वळ नोंद ठेवण्याची रीत कटाक्षाने टाळावी. या रीतीत काहीच अडवले जात नाही. बंदी लागू असती तर कोणता प्रोग्राम अडला असता, एवढेच इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ८००३ या क्रमांकाखाली, वेळेसह आणि वापरणाऱ्याच्या नावासह लिहिले जाते. कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी मी प्रत्येकाची वेगळी खाती उघडून, केवळ मुलांचा पुरावा कार्यकारिणीपुढे ठेवता यावा या उदात्त हेतूने, ती रीत एक आठवडा चालू ठेवली. सोमवारी नोंदी उघडल्या. मास्तरांच्या नातवाच्या नावापुढे तीन नोंदी होत्या. खजिनदारकाकांच्या नावापुढे एक होती, तीही आयकराच्या एका फॉर्माची. उरलेल्या एकेचाळीस नोंदी दुपारी दोन ते चार या वेळातल्या, डाउनलोड्स फोल्डरातल्या पत्त्यांच्या डावाच्या होत्या आणि त्या सर्व प्रभारींच्या रोजच्या खात्यावरच्या होत्या.

त्या नोंदी मी लगेच पुसून टाकल्या. तेव्हा कळले की विंडोजमध्ये अशी नोंदवही रिकामी केली, की ती अमुक वापरकर्त्याने अमुक वाजता रिकामी केली अशी १०४ क्रमांकाची नवी नोंद सिस्टिमच्या वहीत आपोआप पडते. म्हणून जाता जाता यादीत सत्तावन्नावे नाव म्हणून मी इव्हेंट व्ह्यूअरचे घालून ठेवले आहे. मास्तरांचा नातू आता बारावीत असून सुटीत वाचनालयात येतो; त्याच्या हाती पेन ड्राइव्ह दिसल्यास कृपया मला ताबडतोब फोन करावा.