पळणे आणि लपणे एकच असले, तरी शत्रू एक नाही

नमस्कार. ‘आऊटलास्ट’ या भयप्रधान व्हिडिओ गेमवरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, या खेळात शस्त्र मिळतच नाही, पळणे आणि लपणे एवढेच हाती उरते आणि म्हणून शत्रूंचे प्रकार पाडणे निरर्थक आहे. शस्त्र नाही हे खरे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रतिकार करता येत नाही, म्हणूनच समोर कोण आहे हे ओळखण्यावर आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो त्या पत्रकार माइल्स अपशरचे जगणे अवलंबून राहते.

ख्रिस वॉकरचेच पाहा. खेळ जिथे घडतो त्या माउंट मॅसिव्ह मनोरुग्णालयातला हा धिप्पाड माणूस दार फोडून आत येतो, म्हणून बंद दार त्याला थांबवत नाही. फार तर काही क्षण मिळवून देते. ते क्षण दुसऱ्या खोलीत जाण्यासाठी वापरायचे असतात, त्याच खोलीतल्या कपाटात शिरण्यासाठी नव्हे. त्याच्या डोळ्यांदेखत कपाटात शिरलात, तर तो तुम्हाला सरळ बाहेर ओढतो. याउलट त्याच्या नजरेआड होऊन, अंधारात पलंगाखाली शिरलात, तर तो खोलीत येऊन शोध घेतो आणि पुष्कळदा निघून जातो. त्याच्या साखळ्यांचा आवाज तो दिसण्याआधीच ऐकू येतो. म्हणून त्या भागात धावण्यापेक्षा थांबून कान देणे मला अधिक मोलाचे वाटते.

तिथलेच दुसरे शत्रू, जुळे भाऊ, याच्या अगदी उलट. हातात सुरे घेऊन ते सावकाश चालत येतात. त्यांच्यापुढे घाबरून धावत सुटणारा खेळाडू बंद वाटेत अडकण्याची शक्यता जास्त. आधी बाहेर पडायची वाट हेरून ठेवणे हेच तिथे कामाचे. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या क्रूर ट्रेगरच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे बऱ्याच अंशी पटते, कारण तो प्रसंग खेळाने आखून दिलेल्या मार्गानेच पुढे सरकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत सुटली आहे. तिथला प्रत्येक रुग्ण शत्रू नाही. कित्येक जण नुसते बसून असतात, स्वतःशी पुटपुटत असतात. त्यांच्या जवळून शांतपणे जाता येते. सर्वांना सारखेच भिऊन धावणारा माणूस विनाकारण आवाज करतो आणि ज्याच्यापासून खरोखर लपायचे त्याला आपला ठाव देतो. मला हा खेळ आवडतो तो यासाठीच, की भीतीतही तो नीट पाहायला लावतो.

माइल्सच्या हातातल्या कॅमेऱ्याची रात्रदृष्टी, म्हणजे अंधारात दिसण्याची सोय, सतत चालू ठेवावी, या आपल्या सल्ल्याशीही मी सहमत नाही. बॅटरी केवळ रात्रदृष्टीसाठी खर्च होते, साध्या चित्रीकरणासाठी नाही. उजेडात ती वाया घालवली, तर पुढच्या मिट्ट काळोखात चाचपडावे लागते.

खेळातला शेवटचा शत्रू वॉलरायडर, त्याच्यापुढे तर लपण्याचा उपायच लंगडा पडतो. तो सूक्ष्म यंत्रांचा थवा आहे. वॉकरसारख्या माणसाला तो हवेच्या झरोक्यातून ओढून नेतो, तर कपाटाचे दार त्याला काय अडवणार? अखेरच्या प्रयोगशाळेत त्याच्यापासून सुटत त्याला चालवणाऱ्या बिली होप या रुग्णाची जीवरक्षक यंत्रणा बंद करणे हेच काम असते. वॉकरकडून शिकलेला, दबा धरून वाट पाहण्याचा धीर तिथे कामी येत नाही. सतत हलत राहावे लागते. म्हणूनच माझ्या लेखात या दोघांसाठी दोन वेगळे परिच्छेद आहेत आणि ते तसेच राहतील.