वेस्ट मॅकडोनेलच्या घळी आणि 'कुठलीही गाडी चालते' हा फॉरवर्ड

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की मुंबईच्या भटक्यांमध्ये एक मेसेज फिरतो. सारांश असा: ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून पश्चिमेला वेस्ट मॅकडोनेल रांगेत स्वतः गाडी चालवत जा. रस्ता सगळा डांबरी, छोटी हॅचबॅक पुरते. वाटेत डोहच डोह, पाणी वाहून नेऊ नका. डिसेंबरात गेलात तर पोहायला पाणी कोमट. रात्री गाडी हाणली की मुक्कामाचे पैसे वाचतात.

"रस्ता सगळा डांबरी." हे अर्धंच खरं आहे. सिम्पसन्स गॅप, स्टँडली चॅझम आणि थेट ऑर्मिस्टन घळीपर्यंत हॅचबॅक आरामात जाते. त्यापुढे रेडबँक घळीकडे वळलात की सुमारे 5 किलोमीटर दगडाळ कच्ची वाट लागते. तिथे उंच क्लिअरन्सची, म्हणजे तळ जमिनीपासून उंच असलेली गाडी हवी, नाहीतर तळाला दगड लागतात. पाम व्हॅलीला तर फोर-व्हील ड्राइव्हशिवाय, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीशिवाय जाताच येत नाही, कारण शेवटचा रस्ता फिंक नदीच्या कोरड्या पात्रातून, वाळू आणि खडकांवरून जातो. तिथे टायरची हवा वाळूसाठी 20 पीएसआयच्या आसपास उतरवायची आणि डांबरावर परतताना पुन्हा भरायची. छोटा कॉम्प्रेसर म्हणूनच जवळ लागतो. कमी हवेवर वेगात पळवलं तर टायरच्या बाजू तापतात आणि फाटतात. साध्या गाडीचा भाडेकरार नीट वाचा: कच्च्या रस्त्यावर विमा बहुतेक वेळा लागू नसतो, आणि छत, तळ, पाण्यात बुडालेलं इंजिन यांची भरपाई फोर-व्हील ड्राइव्हलाही सहसा मिळत नाही. हर्मान्सबर्ग गावाहून पुढे किंग्ज कॅन्यन या दरीकडे जायचं असेल तर मेरीनी लूप या रस्त्याचा परवाना आधी घ्या.

"डिसेंबरात पाणी कोमट." इथे मात्र फॉरवर्ड जीवावर बेतू शकतो. हे डोह वाळवंटात टिकतात तेच मुळी क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या उंच कड्यांच्या सावलीमुळे. नदीने रांग आडवी कापली, त्या अरुंद खिंडीत पुराच्या पाण्याने तळ खणला आणि तिथे पाणी साठून राहिलं. ऑर्मिस्टनचा डोह एका टोकाला सुमारे 14 मीटर खोल आहे. ऊन दिवसाचे थोडेच तास पोचतं, त्यामुळे वरचं हातभर पाणी उबदार लागतं आणि खाली एकदम गार. एलरी क्रीक बिग होल या डोहात भर उन्हाळ्यातही हेच. चाळीस अंशांच्या उन्हातून थेट सूर मारला की श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. पहिली दोन-तीन मिनिटं हा धोका असतो. त्यानंतरचा फसवा: हातापायांचे स्नायू गारठून हळूहळू काम सोडतात. पलीकडच्या काठाला सहज पोचणारा पोहणारा म्हणूनच परतताना अडकतो. पायांनी उतरा, श्वास स्थिर होईपर्यंत काठाला थांबा, डोह ओलांडायचाच तर तरंगणारी ट्यूब सोबत ठेवा. देवकुंडाच्या सवयीने उडी मारणाऱ्यांना हे पटवावं लागतं.

नॉर्दर्न टेरिटरी म्हटलं की मगरी, असं कुणी घाबरवत असेल तर तेवढं सोडून द्या. खाऱ्या पाण्याच्या मगरी उत्तर किनाऱ्याकडच्या, इथून हजारभर किलोमीटरवर.

आणि डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात जायचंच कशाला? जानेवारीचं सरासरी कमाल तापमान 36 अंश असतं, चाळीस अंश ओलांडणं नेहमीचं. मुलांची मेची सुट्टी उलट फार सोयीची: दिवस सुखद, रात्री गार. जून-जुलैत पहाटे पारा शून्याखालीही जातो, त्यामुळे स्लीपिंग बॅग त्या हिशोबाने न्या.

"पाणी नेऊ नका." गडावरच्या टाक्यातलं पाणी पिणाऱ्यांना हे पटेल, पण हे डोह वाहत नसतात. जनावरं तिथेच पितात, मरतातही. उकळल्याशिवाय पिऊ नका. गाडीत माणशी दिवसाला किमान 4-5 लिटर, वर दोन दिवसांचा राखीव साठा. चालताना तासाला लिटरभर धरा.

रात्रीच्या प्रवासाला एक वाक्य पुरे: मुंबई-गोवा रात्रीत गाठण्याची हौस इथे नको, कारण कांगारू आणि मोकाट गुरं संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात आणि अनेक करारांत शहराबाहेर अंधारात गाडी चालवल्यास विमाच रद्द होतो.

मोबाइलवर भिस्त ठेवायची सोय नाही. अ‍ॅलिस सोडलं की थोड्याच अंतरावर नेटवर्क जातं. नकाशे आधी उतरवून घ्या, पीएलबी म्हणजे उपग्रहामार्फत मदत मागणारा बीकन भाड्याने घ्या. पाऊस झाला असेल तर रस्त्यांची सरकारी स्थिती त्याच दिवशी सकाळी बघा, कारण वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस कोरड्या पात्रातून नंतर येतो. गाडी अडकलीच तर ती सोडून चालत निघू नका. वरून शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.