करडी म्हैस

म्हैस काळी असते याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. मग कॅमेरा आला.

लेकीनं पुण्यात नवा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात अडकवला. "आई, फोटो ऑटोवर काढायचे नाहीत हं, सगळं कॅमेऱ्यालाच ठरवू द्यायचं नाही. शिकायचं," असा दम भरून ती एसटीत बसली. निवृत्तीनंतर बाईनं काहीतरी शिकावं, असं उठसूट सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. त्यांतल्या एकानंही ऑटो बंद केलेला कॅमेरा हातात धरलेला नसतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून गोठ्यातली म्हैस निवडली. ती बिचारी 'जरा बारीक दिसेन असा काढा' म्हणत नाही. जवळ जाऊन फोटोभर म्हैस घेतली, तर ती करडी आली. मग दोरीवर वाळत घातलेलं मामंजींचं धोतर घेतलं. तेही करडंच. सासूबाईंनी चष्मा पुसून दोन्ही फोटो निरखले.

"म्हस आजारी हाय व्हय गं?" आणि मग धोतरावर बोट ठेवून, "आन् हे कुणी धुतलंय?"

मीच धुतलं होतं. चांगलं नीळ घालून.

रात्री लेकीला फोन लावल्यावर उलगडा झाला. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूवरून येणारा उजेड मोजतो, पण ती वस्तू काळी की पांढरी हे त्याला कळत नाही. समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे, असं धरून तो हिशेब करतो. म्हशीला उजेड वाढवतो, धोतराला कमी करतो आणि दोघांना एका रंगावर आणून सोडतो. समाजवादी असावा. उपाय असा की पांढऱ्याला आपण होऊन अधिक द्यायचं आणि काळ्याला उणे. धोतर आधीच पांढरं असताना त्याला आणखी उजेड कशाला, हे माझ्या मनाला पटायला वेळ लागला. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. त्यांनी साबण बदलला.

एवढ्यावर थांबले असते तर म्हैस आणि धोतर या दोन विषयांत तरी नाव काढलं असतं. पण सप्टेंबर आला. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात आमचं कास पठार आहे. तेव्हापासून सप्टेंबरात साताऱ्यातल्या प्रत्येक घराला अचानक नातेवाईक फुटतात. तर वन्सं, भाऊजी आणि मुंबईची मंडळी घेऊन आम्ही यवतेश्वरच्या घाटानं वर निघालो.

कासला लांबून दिसतो तो रंगांचा गालिचा, आणि वाकून बघावं तर नखाएवढी फुलं. सीतेची आसवं हे जांभळट निळं फूल तर इतकं नाजूक की त्याच्याकडे बघताना आपणच श्वास आवरून धरतो. (नाव सीतेचं असलं तरी वनस्पती मांसाहारी. मातीतल्या ओलीत तिचे बारीक फुगे असतात, त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. हे कळल्यावर वन्सं एकादशी असल्यासारख्या दोन पावलं मागं सरकल्या.) मी पाऊलवाटेच्या कडेला गुडघे टेकले. पुढं एक बोट जरी टाकलं तरी दहा फुलं चिरडतील, म्हणून तिथूनच मान लांब केली.

आता वारा. कासचा वारा फुलांना क्षणभर उसंत देत नाही. फूल थिजवायचं तर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, १/५०० सेकंदाला न्यावं लागलं. त्याबरोबर फोटोत अंधार झाला, कारण उजेड आत यायला वेळच उरला नाही. मग भिंगातलं छिद्र मोठं केलं, एफ ५.६. हा आकडाही उलट्या काळजाचा. भिंगाच्या फोकल लांबीला छिद्राच्या व्यासानं भागून तो काढतात, त्यामुळे आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. उजेड आला, पण इतक्या जवळून फुलाची एकच पाकळी धारदार राहिली, बाकी सगळं धुकं. पूर्ण फूल हवं तर एफ ११, म्हणजे उजेड एक चतुर्थांश. तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची हाव, १६०० वरून ६४०० वर नेला, तर फुलावर रवा सांडला. शटर, छिद्र आणि आयएसओ हे तीन भावांच्या सामाईक बांधासारखं आहे. एकाला वीतभर जास्त दिलं की दुसऱ्याच्या रानात नांगर शिरतो, आणि तिघंही खूश असलेला दिवस तलाठ्यानंही पाहिलेला नसतो.

हे सगळं होईस्तोवर मुंबईच्या मंडळींनी मोबाइलवर शंभरेक फोटो काढून गरम भजी संपवली होती.

ठोसेघरच्या धबधब्याबद्दल थोडक्यात सांगते. पाणी दुधाळ दिसावं म्हणून तिकाटणं लावून अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं. पाणी अगदी हवं तसं आलं. पण पुढं उभ्या केलेल्या भाऊजींना अर्धा सेकंदही गप्प राहवलं नाही, त्यामुळे त्यांना तीन हात आले. त्यांनी तो फोटो फ्रेम करून मागितलाय.

लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीनं मात्र घाम काढला. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली ही विहीर. पायऱ्या उतरून कमानीतून आत जाताना डोळ्यांना सगळं दिसतं. दगडावरचं शेवाळ दिसतं, वरचं निळं आभाळही दिसतं. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाही. दगड धरावा तर आभाळ पांढराफटक कागद, आभाळ धरावं तर विहीर म्हणजे नुसता काळोख. मी आभाळ धरलं. कमानीची काळी कड, मधोमध निळा तुकडा. घरी येताना मी मनातल्या मनात प्रदर्शनाची जागासुद्धा ठरवली.

"ह्यात बघायचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, विहीर आहे."

"कुटं?"

फोटो काढणं जमेल हो कसंबसं, पण आपलाच फोटो तपासणं ही शिक्षा आहे. फोटो बघताना मी फोटो बघतच नसते. मला कमानीतला गारवा आठवतो, पारव्यांची फडफड ऐकू येते, आणि हे सगळं त्या काळ्या चौकटीत आहे अशी माझी खात्री असते. सासूबाई लिंबला आल्याच नव्हत्या. त्यांना चौकटीत आहे तेवढंच दिसतं. शिकवणारे लोक तासभर बोलून जे सांगतात की नजर आधी कुठं जाते ते बघा, विषय एकच ठेवा, नको ते बाहेर काढा, ते या बाईनं तीन शब्दांत उरकलं. त्यासाठी फी म्हणून त्या फक्त सुपारी घेतात.

लेकीनं त्यावर तोडगा सांगितला. फोटो काढल्यावर आठवडाभर उघडायचाच नाही, म्हणजे गारवा उतरतो. मग आधी अगदी लहान करून बघायचा. टिकलीएवढा झाल्यावरही काय आहे ते कळलं, तर मांडणी बरी. मग मोठा करून कडा तपासायच्या. कडांवर मला काय काय सापडलं! कुणाची अर्धी चप्पल, कुत्र्याची शेपटी, एका फोटोत आमच्या ह्यांचं नाक. चुलत सासऱ्यांचा फेट्यातला रुबाबदार फोटो तर मी सगळ्यांना पाठवूनही बसले होते. मागं अजिंक्यतारा हवा म्हणून मुद्दाम तिथं उभं केलेलं. आठवड्यानं दिसलं की किल्ल्यावरचा टॉवर बरोबर फेट्यातून उगवलाय. मामा एकदम प्रक्षेपण केंद्र दिसत होते. दोन पावलं बाजूला सरकले असते तर टॉवर सुटला असता, पण तेव्हा मी मिशांकडे बघत होते.

हललेल्या फोटोंचंही शवविच्छेदन करता येतं. सगळंच पुसट असेल तर हात हललाय. भिंगाची फोकल लांबी ५५ मिलिमीटर असताना शटर निदान १/८० तरी हवं होतं. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस एका बाजूला फरफटल्यासारखा पुसट असेल तर माणूस हललाय. आणि माणूस न फरफटता सगळीकडून सारखाच पुसट, पण त्याच्या मागची कुंडी लख्ख असेल तर फोकस चुकलाय. कुठल्या आकड्यांवर फोटो काढला हे कॅमेरा फोटोतच लिहून ठेवतो, त्यामुळे 'वाऱ्यानं हलला' असली थाप स्वतःलाही मारता येत नाही. आमचे हे म्हणाले, "अशी नोंद घरखर्चाचीही ठेवता आली तर बघ."

एवढं सगळं करून एक फोटो माझ्या सगळ्या परीक्षांतून पास झाला. दुपारी सासूबाई खिडकीशी तांदूळ निवडत होत्या. उजेड एका बाजूनं, सुपावर तिरका. मी फक्त हात घेतले. बोटांच्या सुरकुत्या, त्यात अडकलेला कोंडा, हिरव्या बांगड्यांची एक कड आणि नखाच्या टोकावर धरलेला एक खडा. शटर १/१२५, फोकस खड्यावर. कडा स्वच्छ. आठवडाभर थांबले, टिकलीएवढा करून बघितला, तरीही हात हातच होते. मोती चौकात जाऊन मोठी प्रत काढून आणली.

सासूबाईंनी चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. मी 'ह्यात बघायचं काय'ची वाट बघत उभी.

"झ्याक आलाय," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं.

"पण त्वांड घेऊन दुसरा काढ. उद्या ह्यालाच हार घातलासा, तर येणारी माणसं इचारतील, म्हातारी गेली का नुसतं हातच गेलं?"