चहातून झोपेची गोळी? खबरदार!

रस्त्यावरच्या बेघर मनोरुग्णांना ‘मदत कशी करावी’ असा एक मेसेज फिरतोय. आत्याने तो ‘खूप उपयोगी’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मात्र राहवलं नाही. मेसेज म्हणतो: हे लोक हिंसक असतात, कोर्टाच्या ऑर्डरशिवाय पोलीस हात लावत नाहीत, आधार कार्डाशिवाय सरकारी दवाखाना घेत नाही, म्हणून चहातून झोपेची गोळी द्या, हातपाय बांधा आणि आश्रमाच्या दारात सोडून या.

शेवटचं आधी घेऊ, कारण त्याने माणूस मरू शकतो. डोक्याला मार, साखर उतरणं, उष्माघात, जोराचा ताप, दारू अचानक तुटल्यावर दोन-तीन दिवसांनी होणारा भ्रम, या सगळ्यांत माणूस असाच बरळतो. मेंदूत रक्तस्राव होत असताना गोळी दिलीत, तर तो झोपलाय की बेशुद्ध पडतोय, हे कळणार कसं? पोटात दारू असेल तर श्वास मंदावतो, गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. वर हात मागे बांधून पालथं टाकलं की छाती फुलायलाही जागा नाही. आणि आश्रमाच्या दारात गुपचूप सोडलेल्या माणसाची पोलिसांत नोंदच नसते. घरचे शोधणार कुठे?

कोर्टाचं म्हणणं अर्धं खरं, पण जुनं. 1987च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागे. आता 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्याचं कलम 100 वाचा: भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असं वाटायला कारण असेल, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही.

तेव्हा 112 लावा. नेमकी जागा, जखमा, शुद्ध किती, एवढं सांगा. बेशुद्ध किंवा रक्तबंबाळ असेल तर आधी 108. ‘आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळालं तर कलम 100चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोहोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

आधारचं म्हणाल तर कलम 18 नुसार बेघरांना सरकारी मानसिक उपचार मोफत आहेत, बीपीएल कार्डही लागत नाही. खिडकीवरून परत पाठवतात हे खरंय; मग नकार लेखी मागा. हिंसेचं तर सोडाच, घोळका करून डिवचलं तर कोणीही बिथरेल.

त्याचं गाठोडं मात्र फेकू नका, सोबत द्या. आतल्या चिठोऱ्यावर गावाचं नाव असू शकतं, आणि हरवल्याची नोंद करून घरचे शोधणं हेही कलम 100 नुसार पोलिसांचंच काम आहे.